तिसरा खिळा

१

आमच्या घरात दाराच्या आतल्या भिंतीला दोन खिळे होते.

घरातलं कुणी लांब निघालं की उंबरठ्यात उभं राहून ताज्या रोटीचा एक घास चावतं. ती चावलेली रोटी खिळ्याला टांगायची. माणूस परत आला की तीच रोटी पाण्यात भिजवून त्याने खायची, मग त्याचा प्रवास संपला. आमच्या समरकंदात सगळ्या घरांत हेच चालतं. त्यात कुणाला विशेष काही वाटत नाही.

पहिल्या खिळ्यावर वडिलांची रोटी आहे. ते बांधकामावर रशियात गेले. आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग थांबले. तिकडे त्यांनी दुसरं घर केलंय असं लोक म्हणतात. ओयी, म्हणजे माझी आई, ती रोटी दर शुक्रवारी फडक्याने पुसते. दगड झालाय तिचा, पण ओयी उतरवत नाही.

दुसरा खिळा मुकद्दस ओपाने स्वतः ठोकला होता. ओपा म्हणजे माझी मोठी बहीण; मी तिचा उका, धाकटा भाऊ. अल्माटीच्या विद्यापीठातून तिला बोलावणं आलं त्याच दिवशी तिने माझ्या हातातून हातोडी हिसकावली आणि म्हणाली, "उका, तू वाकडा ठोकतोस. तुझं सगळंच वाकडं."

ती जुन्या गव्हांवर पीएचडी करत होती. आमच्या आजोबांच्या काळी रोटीच्या भट्टीवर जो लाल गहू यायचा, तो कुठे गेला, का गेला, असलं काहीतरी. दाण्याच्या आत काय आहे ते दाखवणारं मशीन इथे नव्हतं, तिथे होतं. त्यासाठी तिने वर्षभर खटपट केली. तिथल्या प्राध्यापकांना पत्रं लिहिली, इथल्या सरांची संमती मिळवली, प्रयोगशाळेत बसायला जागा मागितली, तब्येतीचा दाखला आणला. लग्न न झालेली मुलगी एकटी परमुलखात कशी जाणार म्हणून ओयीशी भांडली. मी ओपाच्या बाजूने होतो. मी शाळा अर्धवट सोडून सत्तार अमाकींच्या भट्टीवर लागलो होतो. अमाकी माझे काका. मला तिचं काम कळायचं नाही, पण ती बोलायला लागली की मी हातातलं पीठ विसरून ऐकत बसायचो. अमाकी ओरडायचे, "बोतिर! मशीन तिला बघायचंय, तू भट्टी बघ!"

ती मला म्हणाली होती, "एकदा तुलाही नेईन. बघशील तरी शिकलेली माणसं दिवसभर काय करतात ते."

आता फक्त दोन गोष्टी राहिल्या होत्या. वसतिगृहाच्या पाससाठी फोटो आणि तिथली खाट.

२

त्या दुपारी ती डोकं दुखतंय म्हणून कॉलेजातून लवकर आली आणि आडवी झाली. ओयी चहा घेऊन गेली तेव्हा ती गेलेली होती. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. बस, एवढंच.

मला भट्टीवर निरोप आला. मी वाकून भट्टीतून रोटी काढत होतो. तसाच आलो, हातात गरम रोटी तशीच. का आणली ते मला माहीत नाही.

शेजारच्या बायकांनी तिचा जबडा पांढऱ्या पट्टीने बांधला होता, गाठ डोक्यावर. मग त्या आंघोळीचं पाणी तापवायला अंगणात गेल्या. ओयीला त्यांनी बाहेर धरून ठेवलं होतं. खोलीत मी आणि ओपा. पडद्यातून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. ती जाणार होती आणि तिने रोटी चावली नव्हती, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. चावली असती तर परत यावंच लागलं असतं.

मी गाठ सोडली. रोटीचा काठ तिच्या दातांत धरला आणि खालून हनुवटी दाबली. दात मिटेनात. रोटीवर नुसता खळगा पडला. मी पुन्हा दाबलं. अंगणात बायकांची भांडी वाजली. मला रडू आलं, रागही आला, आणि तिच्या दातांच्या त्या खळग्यावरच मी माझे दात रोवून घास तोडला. तो तोंडात तसाच राहिला, मग मी तो गिळला. ओल्या कणकेची चव होती. रोटी तर नीट भाजलेली होती.

पट्टी घाईघाईत परत बांधली. मला एकच गाठ येते, पिठाच्या पोत्याच्या तोंडाला मारतो ती. दोन कान आणि मधून पीळ. तीच मारली. बायकांनी नंतर तिला न्हाऊ घातलं तेव्हा गाठ बदलली असेल. बदलली असणारच.

रोटी मी दुसऱ्या खिळ्याला टांगत होतो तेव्हा तिच्या उशाशी फोन वाजला. अल्माटीच्या वसतिगृहाची वॉर्डन, झाउरेश आपाय; तिकडे वयस्कर बाईला आपाय म्हणतात. तिला लिहिताना नीट दिसत नाही म्हणून ती आवाज पाठवते. तिची कझाक, आमची उझबेक, निम्मं समजतं, निम्मं अंदाजाने.

"मुकद्दस बाळा, खाट ठेवलीय तुझ्यासाठी, खिडकीपाशी. एक सांग, उशी मऊ हवी की कडक? मागाहून तक्रार नको हं. आधीच्या पोरीने माझं डोकं खाल्लं होतं."

मी ओपाकडे बघितलं. फोन उचलला आणि लिहिलं, मऊ.

३

संध्याकाळच्या आत तिला मातीत ठेवलं. ओयी खिळ्याखाली बसून राहिली. तिने विचारलं, "हिने कधी चावली रे?"

"सकाळीच," मी म्हणालो. "दाखवत होती मला, कशी चावणार ते."

ओयीने मान डोलावली आणि रोटीला हात लावला. मग हात तिथेच ठेवला.

सात-आठ दिवसांत रोटी लाकडासारखी होते. आमच्या कोरड्या हवेत तर दोन दिवस पुरतात. ओपाची रोटी होत नव्हती. मी येता-जाता बोटाने दाबून बघायचो. दाबली की दबायची आणि हळूहळू वर यायची. कोमट असायची, भट्टीतून काढून थोडा वेळ झाल्यासारखी. मी स्वतःला समजावलं, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची चूल आहे. पण मग वडिलांची रोटी हाताला गार का लागायची? एकाच भिंतीवर, वीतभर अंतरावर.

आपायचे आवाज येत होते. चादर देऊ की घरून आणशील? गाडीने येतेस की बसने? मला प्रत्येक वेळी वाटायचं की आता सांगून टाकावं. पण "मुकद्दस गेली" हे मला माझ्या बोटांनी लिहिता येत नव्हतं. उत्तर लिहिलं की तेवढ्या वेळापुरती ती घरात कुठेतरी सामान बांधत असायची. म्हणून मी लिहीत गेलो. चादर द्या. गाडीने येते. मामेबहिणीच्या लग्नातला तिचा फोटो कापून मी पाससाठी पाठवला.

आपाय म्हणाली, "अगं, एवढी हसतेस काय! पासवर हसरा फोटो चालत नाही. दुसरा पाठव."

माझ्याकडे तिचा न हसणारा फोटोच नव्हता. मी पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर होतो, हाताला पीठ. कोपराने बटण दाबून मी ऐकलं.

"मिळाला गं फोटो. या वेळी हसली नाहीस ते बरं केलंस. डोळे मात्र मिटलेत. जाऊ दे, मी पास करून घेतला. ये आता."

मी फोन वरखाली बघितला. कुठलाही फोटो गेलेला नव्हता. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या पोरीचा तिच्याकडे गेला असेल. म्हातारी आहे, दिसत नाही. हे मी तीन-चारदा मनात म्हटलं आणि तेवढ्यात भट्टीतल्या रोट्या गळून निखाऱ्यात पडल्या. अमाकींनी मानेवर चापट मारली.

"लक्ष कुठाय?"

"अमाकी, मेलेल्या माणसाने रोटी चावली तर काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात माझ्या मानेवरच राहिला. "असलं कोण करेल?" ते म्हणाले.

४

ती निघणार होती त्या दिवशी मी कामाला गेलो नाही. घरातच होतो. दुपारी ओपाच्या खोलीत काहीतरी सांडल्याचा आवाज आला. बारीक, धान्य ओतल्यासारखा, मग थांबला. आत कुणी नव्हतं. कपाटात तिची गव्हाची पाकिटं होती, ज्या गावातून आणला त्या गावाचं नाव घातलेली, तोंडं चिकटवलेली. मी एक उचललं. हलकं लागलं. फोडलं. आत काहीच नव्हतं. मग मी सगळीच फोडली. जमिनीवरही एक दाणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी पोचायच्या वेळेला फोन वाजला.

"मुकद्दसच्या भावासाठी आहे हे. बाळा, तुझी बहीण म्हणतेय फोन घरीच राहिला, म्हणून तुला कळवते. पोचली सुखरूप. दमलीय फार. बोलत नाही जास्त, जबडा दुखतोय बिचारीचा, फडकं बांधून बसलीय. मी सूप दिलं, मांस दिलं, काही घेत नाही. म्हणते, माझी रोटी घरी आहे."

मी अंगणात गेलो. मग परत ऐकलं. आपायच्या आवाजामागे खोली ऐकू येत होती. खिडकीबाहेर ट्राम गेली. आणि जवळून, फडक्याआडून घेतल्यासारखा कुणाचा तरी श्वास. माणूस श्वास घेतो आणि सोडतो. हा नुसता घेतला जात होता.

मी कब्रस्तानात धावत गेलो. माती होती तशीच होती, वर पक्ष्यांच्या पायांचे ठसे. मी तिथे बसलो आणि वेड्यासारखा मोठ्याने म्हणालो, "ओपा, तू इथेच आहेस ना?" मला हवं काय होतं तेच मला कळेना. ती इथे असावी असं वाटत होतं. आणि नसावी असंही.

५

अमाकींना मी सगळं सांगितलं. रोटीचं, दातांचं, गाठीचंसुद्धा. ते मारतील असं वाटलं होतं. ते टोपी काढून पिठाच्या पोत्यावर बसले.

"तिकडे दुसरी कुणी मुकद्दस असेल," ते म्हणाले. "नाव काय एकीचंच असतं? दाढ दुखत असेल तिची. थंडी आहे तिकडे."

"आणि रोटी?"

"रोटी पक्ष्यांना घाल. गेलेल्याची रोटी टांगून ठेवत नाहीत. टांगलेली आहे तोवर तिचा प्रवास संपत नाही, मूर्खा. तिला किती चालवतोस? आणि त्या बाईला खरं सांग. आत्ता, माझ्यासमोर."

मला लिहिता येईना म्हणून मी आवाज भरला. "आपाय, मी बोतिर. माझी बहीण वारली. तुमच्याकडे आहे ती कोण ते मला माहीत नाही." अमाकींनी तेवढंच पाठवलं.

उत्तर लगेच आलं. आपाय हसत होती.

"तीच म्हणाली होती बघ! म्हणाली, भाऊ असंच काहीतरी सांगेल, मला सोडायला तयार नाही तो. अरे गाढवा, बहीण शिकायला गेली म्हणून कुणी तिला मारतं का? रोज जाते ती प्रयोगशाळेत. दाणे निवडत बसते. प्राध्यापक खूश आहेत, एवढी शांत मुलगी बघितली नाही म्हणतात. शेजारच्या पोरींनी तेवढ्या जागा बदलून घेतल्यात, गार लागतं म्हणे. थांब, तुला दाखवतेच."

मग फोटो आला.

दुपारची खोली, स्वच्छ ऊन, खिडकीपाशी खाट. खाटेवर पाठमोरी एक मुलगी, आमच्या ओपासारखे खांदे. पण तसे खांदे कितीतरी मुलींचे असतात. मऊ उशी तिने खाली जमिनीवर ठेवली होती. तेही कुणीही ठेवेल. डोक्यावर पांढऱ्या पट्टीची गाठ होती.

मी फोटो मोठा केला. दोन कान आणि मधून पीळ.

अमाकींनी फोन माझ्या हातातून घेतला, बघितला आणि उलटा करून पिठात ठेवला. जातो, असंही न म्हणता ते भट्टीकडे गेले आणि तिचं झाकण लावून टाकलं. भट्टी तापलेली असताना ते असं कधीच करत नाहीत.

"रोटी मोड," ते मागे न वळता म्हणाले. "आजच."

६

मी पिठातला फोन उचलून घरी गेलो, तो उंबरठ्यावर ठेवला आणि रोटी उतरवली. अंगणात आलो. चिमण्या पाण्याच्या पाटाच्या कडेला होत्या, मला बघून जवळ आल्या. मोडायची होती फक्त. मला कळत होतं की मोडली की ती सुटेल, आणि मग ती कुठेच नसेल. अल्माटीत नाही, घरी नाही, त्या फोटोत नाही.

मी रोटी गालाला लावली. ती तिच्या कपाळाइतकी कोमट होती. लहानपणी तिला ताप आला की ती म्हणायची, "उका, बघ रे, किती आहे?" आणि मी गाल लावून सांगायचो. चिमण्या वाट बघत होत्या. मी रोटी परत टांगली.

टांगताना चावलेल्या जागेवर नजर गेली. माझे दात ओळखू येत होते, पुढचा एक किंचित तिरपा आहे तो. तिचा खळगा मी तोडूनच टाकला होता. म्हणजे ही रोटी चावून निघालेला मीच होतो. खाल्लीही मीच होती. ते इतके दिवस माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

फोन वाजला. ओयी आतून आली आणि माझ्याआधी तिनेच बटण दाबलं. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं.

"बोतिर बाळा, तुझ्या बहिणीने तुझंही सगळं करत आणलंय हं. प्राध्यापकांना विचारलं, बोलावणं तयार करून घेतलं, पाससाठी तुझा फोटोही दिला. डोळे तुझेही मिटलेलेच, तुमच्या घराण्यातच आहे वाटतं ते! म्हणते, त्याला शाळेची भीती वाटते, मी असले की नाही वाटणार. मी म्हटलं, बाई, मुलींच्या वसतिगृहात मुलगा कसा ठेवू? तर म्हणाली, तो काही जागा घेणार नाही. आता दुसरी खाट केलीय तिने स्वतः, आपल्या हाताने. एवढं सांग, तुला उशी मऊ हवी की कडक?"

ओयीचा हात तोंडावर गेला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. भीती नव्हती ती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "ती रोटी मी रोज हात लावून बघते. थंड झाली नाही. जा, बोतिर. घेऊन ये तिला."

"ओयी, ती..."

"मला काही सांगू नकोस. तुझ्या वडिलांना आणायला कुणी गेलं नाही, म्हणून ते राहिले. तू जा. तू हट्टी आहेस, तू आणशील." ती बोलता बोलता हातोडी शोधत होती. "परत आलात की दोघं बसून खा रोट्या. मी पाणी आणून ठेवेन."

तिसरा खिळा तिने ठोकला. सरळ ठोकला. मग आतून ताजी रोटी आणली आणि मला उंबरठ्यात उभं केलं. नाही म्हणता आलं असतं. म्हणजे, आधी कधीतरी म्हणता आलं असतं. ओयी माझ्याकडे असं बघत होती की मी जर ते केलं नसतं तर तिने तिथेच प्राण सोडला असता. आणि खरं सांगतो, मलाही ओपाला बघायचं होतं. फक्त एकदा, तोंडासमोरून.

मी रोटी दातांत धरली आणि दाबली.

दात मिटेनात. पुन्हा दाबलं. रोटी ताजी होती, लोण्यासारखी. जबड्याच्या सांध्यातून कळ आली आणि तिथेच थांबली. रोटीवर नुसता खळगा पडला.

"नीट चाव रे," ओयी म्हणाली. मग माझ्या हनुवटीला हात लावून पाहिलं. "जबडा दुखतोय का तुझा? आं? केव्हापासून? गार लागलं असेल. थांब."

तिने पांढऱ्या ओढणीची पट्टी फाडली, हनुवटीखालून घेतली आणि डोक्यावर आवळून बांधली. मी हात वर नेऊन चाचपलं. दोन कान आणि मधून पीळ. आमच्या घरात सगळ्यांना तीच गाठ येते.

रोटी तिने तिसऱ्या खिळ्याला टांगली आणि तळवा तिच्यावर ठेवून उभी राहिली, समाधानाने, भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी.

फोन अजून उंबरठ्यावर पडला होता. तोंड उघडत नव्हतं, म्हणून मी तो उचलला आणि लिहिलं, मऊ.